खिडकी पाहिजे की दार

आमच्या गल्लीत पाजण असली की सकाळी कोणालाच सरळ चालत घराबाहेर पडता यायचं नाही. दार उघडलं की छातीएवढ्या उंचीवर सूत. या टोकाच्या खुंट्यापासून त्या टोकाच्या खुंट्यापर्यंत माझ्या मोठ्या भावाचा, दादाचा, अख्खा ताणा बांधलेला असायचा. ताणा म्हणजे साडीचे उभे धागे. दादा बादलीतली भाताची खळ कुंच्यानं त्याला पाजत जायचा. खळ प्यालेलं सूत मागावर तुटत नाही. कोणाच्या हातात डबा असो, अंगावर टॉवेल असो, ऑफिसची घाई असो, दारातून वाकून निघालं की दादाची हाक ठरलेली. "अवं, तिथी धागा तुटला पाह्य, जोडून दे न जरा!" की गेला माणूस कामाला. धागे वेगळे ठेवणाऱ्या बांबूच्या कामट्या सरकव, चिकटलेलं सूत सोडव, तुटलेलं जोड. सगळी गल्ली कुरकुरत कुरकुरत पाजण करायची आणि मग खळीचे हात धुऊन आपापल्या कामाला पळायची.

सर्वांत जास्त मी कुरकुरायचे. मी वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करते, आणि माझ्या पायाला जन्मतःच भिंगरी आहे. एका जागी उभं राहून ओलं सूत सोडवणं म्हणजे मला शिक्षा. "दादा, लवकर आटप न गा, मले उशीर होऊन राहिला," हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. दादा म्हणायचा, "सुताले सांग घाई कर म्हणून. मायं ऐकत नाही ते." मग मी आणखी चिडायचे.

नागपुरात महालाच्या पलीकडची आमची वस्ती सगळी विणकरांची. आता माग चालवणारे बोटावर मोजण्याइतके. बाकीचे कोणी ड्रायव्हर, कोणी कारकून, कोणाचं मोबाइलचं दुकान. आमच्या घरात दादा, वहिनी आणि मी. मी लग्न केलं नाही, आणि ते का केलं नाही हा या ठिकाणचा विषय नाही. दादानं माग सोडला नाही. दुसरं काही येत नाही म्हणून नव्हे. त्याला मागावर बसलं की बरं वाटतं, एवढंच. बाहेर आला की तो भांबावल्यासारखा उभा राहतो.

मग वस्तीच्या नव्या योजनेची गोष्ट निघाली. आमच्या तीन-चार गल्ल्या मिळून एक पूर्ण नवी वस्ती उभी करायची, आराखड्यानं. एक तरुण अधिकारी समाजभवनात आला. भला माणूस होता, पुण्याकडचा असावा. भिंतीवर नकाशा लावून तो म्हणाला, "तुमच्या वस्तीसाठी नियम लवचिक ठेवले आहेत. मिश्र वापर. म्हणजे एकाच ठिकाणी राहणं, दुकान आणि छोटा उद्योग, तिन्ही चालेल."

आमच्या शेजारच्या काकू पहिल्या रांगेत मांडी घालून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या घरी त एकाच खोलीत हाये बाप्पा तिन्ही!" सगळं समाजभवन खो खो हसलं. अधिकारीही हसला. मग त्यानं नीट समजावलं. पूर्ण वस्ती एकच भूखंड समजायची. त्यात घरं किती, दुकानं किती, कामाच्या खोल्या किती, याचं एकूण प्रमाण ठरलेलं. पण काय कुठं ठेवायचं ते आपण बसून ठरवायचं, प्रत्येक घरानं संमतीची सही करायची, आणि मंजुरीनंतरही बारीकसारीक बदल त्याला स्वतःच्या अधिकारात करता येतील. मला ते ऐकून एकदम बरं वाटलं. नियम म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं वकीलसाहेबांची कपाटं येतात. हे जरा माणसांतलं वाटलं.

दादा मागच्या भिंतीला टेकून उभा होता. तो एकच बोलला. "मायं मागाचं सांगा. पायाखाली खड्डा खोदता आला पाहिजे. ते असन त सही करतो, नाही त नाही."

आमचा माग खड्ड्याचा. विणणारा जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खाली खड्ड्यात, माग चालवायच्या पावडींवर. वरच्या मजल्यावर असला माग बसत नाही, आणि खाली तळघरात गाड्या ठेवल्या तरी बसत नाही. झालं. दादाची सही अडली आणि त्याच्यासोबत अजून चार विणकरांच्या अडल्या. ते काम माझ्या गळ्यात पडलं, कारण वस्तीत कायद्याची भाषा वाचता येणारी मीच. ऑफिस सुटलं की मी योजनेच्या ऑफिसात. रविवारी नकाशा पसरून घरी. वहिनी म्हणायची, "जेव न वं आधी, नकाशा काही पळून नाही जात." पण मला चैन कुठली! ताटावरून उठून मी नकाशा पाहायचे.

खड्ड्याचं जमलं. कामाच्या खोल्या तळमजल्यावर, त्यांच्याखाली माती, आणि तळघरातल्या गाड्या इमारतीच्या मागच्या बाजूला. पण तोच नकाशा पाहताना माझं बोट एका जागी थांबलं. आमची गल्ली त्यात वाकडी होती. मधे गाड्या वळवायला गोल. दुसऱ्या दिवशी मी अधिकाऱ्यासमोर उभी.

"साहेब, गल्ली वाकडी काहून केली?"

"गाड्या जोरात जाऊ नयेत म्हणून, मॅडम. लहान मुलं असतात."

"मग पाजण कुठं करायची? ताणा वळत नसते. सरळच लागते."

त्याला पाजण समजावून सांगायला बराच वेळ गेला. शेवटी तो डोकं खाजवत म्हणाला, "पण रस्त्याचा वापर वाहतूक असतो. हे मी कशात दाखवू? उद्योगात की वाहतुकीत?"

"तुमचे नियम लवचिक आहेत म्हणता न? मग वाकवा जरासे," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, बाहेरचा शिपाई आत डोकावून गेला. पण अधिकारी चिडला नाही. त्यानं पेन्सिल घेतली, गल्ली सरळ केली, गोल पुसला आणि सांगितलं की सकाळी ऊन चढेपर्यंत या गल्लीत वाहनांना बंदी ठेवता येईल. फक्त वस्तीनं तसं कबूल करायला हवं, कारण गल्लीतल्या गाड्यांच्या जागा जातील.

वस्तीची बैठक बसली. काकूच उठल्या. "एका माणसाच्या पाजणीपायी साऱ्यांनं गाड्या मागं लावाच्या का? माया पोरानं नवीन गाडी घेतली."

"काकू, गाडी अजून शोरूममदीच हाये न?" मी म्हटलं.

लोक हसले. काकू रागानं लाल झाल्या, पण हसूही आलं त्यांना. "कर वं कर तुया भावाचं. पण माया पोराच्या गाडीवर खळ उडली त मंग पाह्यजो!" अशा रीतीनं गल्ली सरळ राहिली. त्या दिवशी घरी येताना मी दादासाठी समोसे आणले. आता त्याला कोणीच हलवू शकत नाही, असं मला वाटत होतं.

आता जी गोष्ट झाली ती आमच्यासारख्यांच्याच हातून होऊ शकते. अधिकाऱ्यानं शेवटच्या बैठकीत विचारलं, "तळमजल्यावरच्या खोल्यांना गल्लीच्या भिंतीत एकच मोठी जागा निघते. तिथं दार ठेवायचं तर उजेडासाठी वर झरोका. किंवा पूर्ण भिंतभर खिडकी, आणि दार, जिना, लिफ्ट सगळं मागच्या बाजूनं, पार्किंगकडून. काय हवं? खिडकी पाहिजे की दार?"

"खिडकी!" सगळे एका सुरात ओरडले. दादा ओरडला, काकू ओरडल्या, ज्यांचे माग कधीचे भंगारात गेले तेही ओरडले. मी तर सर्वांत मोठ्यानं. हे कोणाला समजायचं नाही. आमचे बाप-आजे अंधाऱ्या खोल्यांत बसून भर दुपारी दिवा लावून विणत आले. घरात भांडण काय तर उजेडाचं. "सरक तिकडे, उजेड अडवू नको," हे आम्ही बोलायच्या आधी ऐकलेलं. त्यात कोणी सरकारी माणूस भिंतभर उजेड देतो म्हणतो, तर दाराचं कोण नाव काढणार!

"नक्की ना?" त्यानं पुन्हा विचारलं.

"खिडकी साहेब, खिडकी!" मी म्हटलं.

बांधकाम होईपर्यंत आम्ही जरीपटक्यात भाड्यानं राहिलो, बाजाराच्या तोंडावर, तिसऱ्या मजल्यावर. माग सुटा करून, पोत्यात बांधून पलंगाखाली सारला. दादा सीताबर्डीवर एका साड्यांच्या दुकानात कामाला लागला. दिवसभर साड्या उलगडायच्या, पदर दाखवायचा, घडी करून परत ठेवायची. यंत्रावरच्या साड्या. तो संध्याकाळी घरी यायचा आणि गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचा. मला वाटायचं भिंगरी फक्त माझ्याच पायाला आहे, तर तसं नव्हतं. "हात खाजून राह्यले वं," तो एकदा म्हणाला. "दुसऱ्याचं विणलेलं नुसतं हातात घ्याचं अन ठेवाचं. लय वाईट वाटते." त्याच्या तोंडून इतकं सरळ काही मी कधी ऐकलं नव्हतं. मला रडू आलं, ते मी भाजीच्या पिशव्या रिकाम्या करण्यात घालवलं.

मी दर रविवारी ऑटोनं जाऊन बांधकाम पाहून यायचे. वहिनी म्हणायची, "तू गेल्यानं विटा लवकर चढते का वं?" चढत नव्हत्या, हे मलाही कळत होतं. तरी जायचे. जाऊन गल्लीच्या रेषेवर उभी राहायचे, सरळ आहे ना ते एक डोळा मिटून पाहायचे, आणि परत यायचे.

शेवटी किल्ल्या मिळाल्या. दादाच्या खोलीत खड्डा खोदला, माग बसवला, आणि सकाळचं ऊन भिंतभर खिडकीतून थेट मागावर पडलं. दादा हसला. नुसता हसत बसला. आमच्या बाजूची खोली काकूंची, कारण गुडघ्यांपायी त्यांना वर जायला नको होतं. पोरगा-सून वरच्या मजल्यावर आणि काकू खाली. भिंतभर खिडकी पाहून त्यांची झोप उडाली. "चोर सरळ आत पाय टाकन," म्हणून त्या जाळीवाल्याला रोज फोन करायच्या, आणि तो रोज उद्या येतो म्हणायचा.

दादानं दुकान सोडलं, पण दुकानाच्या शेठनं त्याला सांगून ठेवलं होतं, "जमलं नाही तर परत या. महिनाअखेरपर्यंत जागा ठेवतो." मला ते वाक्य अजिबात आवडलं नव्हतं. दादा मात्र ते पुन्हा पुन्हा सांगायचा. सगळं पहिल्या ताण्यावर होतं. तो नीट पाजला गेला तर साडी, नाही तर बर्डीचं दुकान.

आदल्या संध्याकाळी मी वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "उद्या सकाळी नवीन गल्लीत पहिली पाजण. सर्वांनी यावे." धडाधड अंगठे आले. फुलं आली, जोडलेले हात आले. मी वहिनीला दाखवलं. ती म्हणाली, "मंग काय, जत्राच भरते उद्या."

सकाळी दादानं ताणा बांधला. गल्ली कशी सरळ! खळ लागली. एका टोकाला वहिनी, दुसऱ्या टोकाला मी, मधे दादा. आणि बाकी कोणीच नाही. उन्हाळा तोंडावर आला होता, आणि नागपूरचं ऊन सकाळीच कामाला लागतं. ओलं सूत भराभर वाळायला लागलं. कामट्या सरकवायला माणसं पाहिजेत, नाही तर धागे एकमेकांना चिकटतात आणि मग त्यांचे दोरखंड होतात. मी मान वर केली. बाल्कन्यांतून माणसं पाहत होती. काही जण मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. "एकच नंबर!" कोणीतरी ओरडलं.

"खाली या न!" मी ओरडले.

"येतो, येतो!"

कोणी आलं नाही. मी सूत सोडून धावले. गल्लीतून आत शिरायला दार नाहीच. पूर्ण रांग ओलांडून मोठ्या रस्त्यावर, दुकानांवरून वळून, मागं पार्किंगमधे. तिथं सगळे होते! लिफ्टमधून उतरत होते, गाड्यांत बसत होते, हेल्मेट घालत होते. एक जण म्हणाला, "ताई, लय उशीर होऊन राहिला, संध्याकाळी येतो." संध्याकाळी! मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पण बोलताबोलताच मला दिसलं, की हे खोटं बोलत नाहीत. यांना खरंच उशीर होतोय. यातला कोणीही जुन्या गल्लीत तरी मनानं कुठं पाजणीला येत होता? मी तरी कुठं येत होते? दार उघडलं की समोर सूत असायचं म्हणून हात लागायचा. आता दार उघडलं की लिफ्ट. दार आम्हीच फिरवून घेतलं होतं, ओरडून ओरडून.

धापा टाकत परत आले तर वहिनीच्या बाजूचा ताणा वाळून चिकटला होता. ती एकटी बोटांनी सोडवत होती आणि रडत होती. दादा कुंचा घेऊन उभा होता. कुंचा कोरडा होता.

"राहू दे वं," तो मला म्हणाला. "शेठले फोन लावतो मी."

"अजिबात लावाचा नाही!" मी ओरडले. "तू काही दुकानात नाही जाच्चा. मी सोडवते. मी एकटी सोडवते सारं!" आणि मी सोडवायला लागले, आणि घाईत धागा तोडला, आणि तो जोडताना दुसरा तोडला. आयुष्यभर जे काम टाळलं ते मला नीट येत कसं असणार.

तेवढ्यात बाजूच्या खिडकीतून एक लाल प्लॅस्टिकचा स्टूल बाहेर आला आणि गल्लीत पडला. मागोमाग काकूंचा आवाज. "तो सरळ ठेव वं पहिले. पाहत काय उभी राह्यली?"

मी स्टूल सरळ केला. काकूंनी पातळ आवरलं, खिडकीच्या कठड्यावर बसल्या आणि "माय वं, माय वं" करत एकेक गुडघा बाहेर काढला. मी कंबर धरली. त्या उतरल्या, कामट्या हातात घेतल्या आणि दादाला म्हणाल्या, "खळ लाव न गा. हात काय आखडले का?" मग मान वर करून त्या तिसऱ्या मजल्यावर ओरडल्या. "व्हिडिओ काय काढून राह्यला बे! खाली ये!"

"कुठून येऊ काकू? मागून लय मोठा फेरा हाये!"

"माया घरातून ये! दार उघडंच हाये!"

आणि मग माणसं काकूंच्या खिडकीतून उतरायला लागली. इस्त्रीचा शर्ट घातलेला एक, दाढीला साबण लागलेला एक, डबा हातातच असलेली एक सून. खिडकीत रांग लागली. काकूंचा पोरगा गाडीची किल्ली दातात धरून उतरला. सगळे चिल्लावत होते, चपला काढा म्हणून काकू आत पाहून ओरडत होत्या, कोणाला कामट्या कशा धरायच्या ते आठवत नव्हतं आणि दुसरा त्याला शिव्या देऊन आठवण करून देत होता. दादा खळ लावत पुढं सरकत होता. मी त्याचा चेहरा पाहिला आणि सुताकडे पाहायला लागले, कारण मला पुन्हा धागा तोडायचा नव्हता.

वहिनीच्या बाजूचं बरंचसं सूत गेलं, ते कापून टाकावं लागलं. पण बाकी ताणा वाचला. लोक पांगले, तेही खिडकीतूनच. दादानं बादली ठेवली, खळीचे हात पुढं करून मला म्हणाला, "शेठले फोन लाव. मायाजवळ धर." मी लावला, त्याच्या कानाला धरला.

"शेठ," तो म्हणाला, "दुसरा माणूस पाहून घ्या."

दुपारी मी ऑफिसला गेलेच नाही. काकू स्टुलावर बसून गुडघ्याला तेल चोळत होत्या आणि मी अधिकाऱ्याला भेटायला निघाले होते, दाराचं विचारायला. बारीकसारीक बदल आपल्या अधिकारात आहेत म्हणाला होता. तेवढ्यात जाळीवाला आला. खांद्यावर लोखंडी जाळी, हातात ड्रिल. "काकू, आलो बाप्पा एकदाचा. कोणती खिडकी?"

रोज त्याच्या नावानं खडे फोडणाऱ्या काकूंनी आधी खिडकीकडे पाहिलं, मग गल्लीत वाळणाऱ्या सुताकडे.

"तू जाय गा घरी," त्या म्हणाल्या. "दार होईस्तोवर ही अशीच राहू दे. उद्या लोकं कुठून उतरतीन?"